धारोष्ण

"घरी बकऱ्या आहेत का?" डॉक्टरनं विचारलं. बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी रिक्षातच शिजवून आणली होती. केव्हापासून दुखतं म्हणाला तर काय सांगायचं, कशानं दुखतं म्हणाला तर कोणता उंट आणि कोणता खड्डा, सगळं तयार. पायजम्याची नाडी मुठीत धरून मी त्या उंच टेबलावर उताणा पडलेलो, वर पंखा कुरकुरतोय, आणि हा मिशी ठेवावी की काढावी याचा अजून निर्णय न झालेला पोरगा रबरी मोजा घालून माझी उजवी गोटी अशी चाचपतोय, जशी बाजारात बाई पेरू दाबून बघते. आणि विचारतोय काय, तर बकऱ्या. मला वाटलं याचं कामात लक्ष नाही. "एक आहे," मी म्हणालो, "मामलेदारीण." "कोण?" "बकरीचं नाव आहे साहेब. पुढ्यात आलेला कागद खाल्ल्याशिवाय सोडत नाही." एरवी या वाक्याला नंदुरबारात कुठंही हशा ठरलेला. हा हसला नाही. दूध कच्चं पिता का, म्हणाला. मी म्हणालो, बकरीचं दूध कोणी तापवून पितं का बाबा, ते धारोष्णच प्यायचं, सडातून पेल्यात आणि पेल्यातून पोटात. त्यानं टेबलावरचा माझ्या रक्ताचा कागद पुन्हा एकदा पाहिला आणि अगदी हळू विचारलं, "तिचं पिल्लू दिवस भरायच्या आधी पडलं होतं का? आणि ते तुम्ही हातानं ओढलंत का?" पंखा चालूच होता, पण मला त्याचा वारा लागेना.

ते या पोराला कसं कळलं? मी तर ते कोणाला सांगितलंही नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तापीकाठच्या आमच्या गावी, प्रकाशाला, होतो तेव्हा अडलेली बकरी असो, म्हैस असो, माणसं माझ्याच दाराशी यायची. बोटं लांब आणि बारीक, आईकडून आलेली. बायकी बोटं म्हणून शाळेत पोरं चिडवायची, पुढं तीच पोरं बाप झाली आणि "छगनआबा, चाला, बकरी अडनी" म्हणत यायला लागली. हात आत गेला की डोळे मिटायचे, ही माझी रीत. डोळे उघडे ठेवले की बोटं आंधळी होतात. आत एक ऊबदार काळोख असतो, तिथं खूर कुठला, नाक कुठलं, हे बोटांनीच वाचायचं. पोरानं, नवनीतनं, आम्हां नवरा-बायकोला नंदुरबारला कॉलनीतल्या घरात आणलं तेव्हा शेत बटाईनं दिलं, बैल विकले, पण ही एक बकरी मी टेंपोत भांड्यांच्या मधे उभी करून आणली. बोटांना काहीतरी वाचायला हवं ना. आणि मग थंडीतल्या त्या दुपारी मागच्या अंगणात ती गाभडली. मी ओढलं ते पिल्लू इतकं हलकं होतं की हातात काही आलं असं वाटलंच नाही. कान अजून नीट सुटे झाले नव्हते. ओल्या कडब्याचा आणि लोखंडाचा मिळून एक वास. अंगठ्याला विळा लागलेला होता, तिथं जरा चुरचुरलं. राखेनं हात धुतले, भिंतीकडे खड्डा केला. मामलेदारीण खड्ड्याकडे पाहत उभी होती, आणि तिची कास भरून आली होती. शोभाबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, देव एका हातानं लेस, दुसरा हातानं देस. दिलेलं ते दूध होतं.

ताप त्यानंतर आला. आला म्हणण्यापेक्षा ये-जा करायला लागला, जावयासारखा. दिवस कलला की पायांवरून चढायचा, पाठीचा कणा ओल्या दोरासारखा पिळायचा, उजाडायच्या आधी घामाच्या धारा लावून निघून जायचा. त्या घामाला कुजक्या चाऱ्याचा वास. अंगाला माझा म्हणून जो वास होता जन्मभर, तो जाऊन दुसऱ्याच कुणाचा तरी वास आला होता आणि मी त्या माणसाबरोबर झोपत होतो. घरी मी मलेरिया म्हणून सांगितलं. त्यावर शोभाबाईनं दुधाचा पेला मोठा केला. जितका ताप जास्त तितकं दूध जास्त. बकरी शंभर झाडांचा पाला ओरबाडते, निंब, बाभूळ, बोर, सगळं औषध दुधात उतरतं. हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. "उकाळं का दवाई वाफवर निंघी जास," ती म्हणायची, आणि पेला माझ्या ओठांना लागेपर्यंत समोरून हलायची नाही. मग एके सकाळी खाली बघतो तर सूज. चालताना पाय फाकायला लागले. शोभाबाई म्हणाली, असं काय चालतस? मी म्हणालो, तरुणपणी उंटावर फिरलो, ती सवय उसळली. "उंटवर कवय बठनात तुम्ही?" "मन्हा लगीनना पहिले." "मंग उंट आते सुजना का?" चाळीसेक वर्षं माझ्याबरोबर काढून या बाईची जीभ अशी झाली आहे, त्यात तिचा दोष नाही.

आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. लांबच्या एका शहरातल्या सर्जननं हात लावून पाहिलं आणि गाठ वाईट असू शकते, काढून टाकू म्हणाला. मी घरी येऊन गॅस आहे म्हणून सांगितलं. या वयात त्या गोटीला आता कुणाकडे जायचं होतं? तरी, बसमधे खिडकीला डोकं टेकून मी तिचाच विचार करत आलो. आपल्या अंगातली एक वस्तू, जिच्याशी आपण कधी बोललो नाही, तिचा असा निरोप यावा. माणसं मेलेली पाहिली, हात तुटलेली पाहिली, पण या जागेबद्दल कुणी मोठ्यानं बोलल्याचं ऐकलं नाही. पारावर या जागेवरून सगळ्या शिव्या होतात, पण ती दुखते असं कुणी म्हणत नाही. मग या पोरसवदा डॉक्टरकडे आलो ते नुसता ताप दाखवायला. रक्त देऊन गेलो. आज कागद आला तेव्हा तो म्हणाला, बाबा, तुम्ही काहीतरी झाकून ठेवलंय. तेव्हा कुठं मी नाडी सोडली.

"कापायचं काही नाही," तो म्हणाला, आणि मोजा काढून कोपऱ्यात टाकला. हा बकऱ्यांचा रोग आहे, ब्रुसेलोसिस म्हणतात. जिवाणू पिल्लामागून पडणाऱ्या वारेत असतो, पडलेल्या पिल्लात असतो, दुधात असतो. माणसात शिरला की ताप असा लाटेसारखा, सांधे धरतात, पोटात पाणथरी सुजते, आणि एखाद्याच्या वृषणात जाऊन बसतो. तुमच्यात बसलाय. दीड महिना गोळ्या, सुरुवातीला इंजेक्शनं, आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. लघवी शेंदरी होईल, घाबरायचं नाही. बस, एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की टेबलावरून उतरता उतरताच मी मनात गप्प रचायला घेतली. शेंदरी लघवी! मारुतीरायानं स्वप्नात येऊन दिलेला प्रसाद, एवढं तर सहज निघालं असतं. प्रकाशाचा शांतीलाल खुर्चीवरून पडला असता. माझ्या गप्पांवर त्याचा जीव. तापीतल्या मगरीनं माझी विडी मागितली, ही त्यानं इतक्या ठिकाणी सांगितली की आता लोक मलाच ती त्याच्या नावानं सांगतात. मी नाडी बांधत हसत होतो, आणि डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "घरात ते दूध आणखी कोण पितं? गरोदर बाई नाही ना कोणी?"

नाडीची गाठ माझ्या बोटांत राहिली. दीपमाला. माझी सून. खापर गावची पोर, लग्नाला तीन वर्षं झाली, आणि आता कुठं पाचवा लागलेला. शोभाबाईनं माझ्या पेल्याशेजारी दुसरा पेला ठेवायला सुरुवात केली होती. तिनं स्वतः कधी घोट घेतला नाही; आमच्या घरात दूध नेहमी दुसऱ्यासाठी. डॉक्टरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिणं थांबवलं. "उकळलं तरी चालेल, पण कच्चं एक थेंब नको. आणि तिला घेऊन या. अशा बायकांत गर्भ पडू शकतो." एवढंच म्हणाला. मी बाहेर आलो. उन्हानं रस्ता पांढरा झालेला, मिरच्यांची पोती भरलेला ट्रक चौकात उभा, माणसं शिंकत होती. मीही शिंकलो आणि खालून कळ डोक्यात गेली. त्या कळेत मला मामलेदारणीचं पिल्लू दिसलं, सुटे न झालेले कान दिसले. मग कान कुणाचे ते बदललं. मी रिक्षा थांबवायला हात केला आणि तो लगेच खिशात घातला, जसं काही कुणी उधारी मागणार होतं.

सांगायचं होतं फक्त एक वाक्य. दूध पिऊ नको. ते मला सांगता येईना, याची दोन कारणं. एक, मी छगन आहे. मी पाऊस पडतोय म्हटलं तर माणसं आधी हात बाहेर काढून बघतात. रिक्षातून मी नवनीतला फोन लावला. तो सुरतेला कामावर असतो, शनिवारी येतो. मागं यंत्रांचा घणघणाट. मी म्हणालो, बकरीच्या दुधात रोग आहे, तोच मला झालाय, वहूला दूध देऊ नका म्हणून आईला सांग. तो हसायलाच लागला. "आबा, आते ही नवी का? मागला टाईमले मगर व्हती, आते बकरी! शनवारले येस, मंग देखू." आणि रोग कुठं झालाय म्हणाला. पोटात, मी म्हणालो. पोरालाही मला ती जागा सांगता आली नाही. आणि जागा चुकली की माणूस उरलेलं ऐकत नाही, हे मला गप्पांतूनच ठाऊक. घरी शोभाबाईला सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला. तीन पिढ्या त्या दुधावर वाढल्या, तेव्हा कुठं गेला होता रोग, उंटवर बठेल व्हता का? तिच्याशी मी कधी वाद जिंकलेला नाही. शिवाय मी मलेरिया म्हटलं होतं, उंट म्हटलं होतं, गॅस म्हटलं होतं. आता चौथ्यांदा खरं सांगणाऱ्याचा आवाज तिला कसा वेगळा वाटावा? मला स्वतःलाही तो वेगळा वाटेना. खरं बोलतानाही माझे हात तसेच उडत होते, भुवया तशाच वर जात होत्या.

दुसरं कारण म्हणजे लाज. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पदर ओढून असते आणि सासरा सुनेशी बोलत नाही. पण एका घरात राहून बोलल्याशिवाय कसं चालेल? म्हणून कुणीतरी तिसरं लागतं. कुणाच्या घरी लहान मूल असतं, कुणाच्या घरी भिंत. आमच्या घरी मामलेदारीण. मी मागच्या ओट्यावर बसलेलो असतो, दीपमाला दाराआडून बकरीला म्हणते, "मामलेदारीण, तुन्हा मालकले सांग, चहा थंडा व्हई ऱ्हायना." मी बकरीला म्हणतो, "साखर कमी टाकजो म्हना." या पोरीचा चेहरा मी लग्नात पाहिला तेवढाच; पण आवाज मी ओळखतो. सर्दी झाली की ओळखतो, माहेरची आठवण आली की ओळखतो. एकदा मी बकरीला तिच्या आज्याची गोष्ट सांगत बसलो, वाघाला शिंगावर घेणाऱ्या बोकडाची, तर दाराआडून हसणं आलं, दाबलेलं, आणि पाठोपाठ, "मामलेदारीण, वाघना नाव काय व्हतं, इचार." त्या दिवसापासून मला ही पोर आवडते. बकरीवाटे जितकं बोलता येतं तितकं आम्ही बोललो होतो. पण बकरीवाटे चहा जातो, साखर जाते. गोटी कशी जाणार?

मी ओट्यावर बसलो. धार काढायची वेळ. शोभाबाई आत भाकरी थापत होती, थप थप आवाज येत होता. दीपमाला पदर नाकापर्यंत ओढून आली, बकरीच्या बाजूला बसली, वाकताना आता तिला पोट सांभाळावं लागत होतं. पहिली धार पेल्याच्या तळाशी वाजली, मग दुधात दूध पडण्याचा तो जाड आवाज. मला वाटलं, पेला ढकलून देऊ. मग शोभाबाई बाहेर येईल, डोकरा येडा व्हयना म्हणेल, आणि उद्या मी घरी नसताना दुसरा पेला भरेल. ढकलून काही होणार नव्हतं. कळावं लागणार होतं. "मामलेदारीण," मी म्हणालो, आणि बकरीनं मान वळवली. पुन्हा म्हणालो, "मामलेदारीण, आयक. तुन्हा दूधमा रोग शे. तिले म्हना, पिवू नको." धार थांबली नाही. "मामलेदारीण, तुन्हा मालकले सांग, सासूबाईनी मले सांगेल शे. आबा हाई नवी गप्प करी ऱ्हायनात." पण आवाजात हसू नव्हतं. थकलेला होता आवाज, आणि मला तो ओळखता येईना. ती उठली. पेला तिच्या हातात, फेस काठापर्यंत आलेला.

मग मी हात मांडीखाली दाबून ठेवले, उडू नयेत म्हणून. डोळे मिटले, जसे अडलेल्या जनावरापाशी मिटायचे. "मामलेदारीण," मी म्हणालो, "मले मलेरिया नही. उंटबी नही. तुन्हं मरेल पिल्लू मी हातवरी काढं, तठेन हाऊ रोग मले लागना. आणि तो मन्ही... तो मन्ही उजवी गोटीमा जाईसन बठेल शे. सुजी गयी. डॉक्टरनी देखी. हाऊच रोग पोटमाना लेकरूले पाडस." आत भाकरीचा आवाज चालूच होता. मला माझे कान तापलेले जाणवले, मानेपर्यंत. आता ही पळत आत जाईल, सासूला सांगेल, शनिवारी नवनीतला, आणि मी पुन्हा या घरात कुणासमोर बसणार नाही. जाऊ दे. प्रकाशाला जाऊन राहीन. केळीच्या बागेत राखण करीन.

"आबा," कुणीतरी म्हणालं.

बकरीला कुणी आबा म्हणत नाही. मी डोळे उघडले. पदर खांद्यावर होता. गोल चेहरा, डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले. माझ्या मनात जी पोर होती ती इतकी लहान नव्हती. "मलेबी ताप येस," ती म्हणाली. "सांज व्हयनी का चढस. सकायले घाम येस आणि उतरी जास. घामले ओला चाराना मायक वास येस."

"सांगं काबरं नही?"

"कोनले सांगू? पाचवा महिना लागेल वहू ताप शे म्हने तं सगळ्या बाया म्हणतस, काम टाळस." ती पेल्याकडे पाहत होती. "मले वाटे, मन्हा अंगले कोनी दुसरीच बाईना वास येस."

शोभाबाई पिठाच्या हातांनी दारात आली, आणि जे पाहिलं त्यानं तिथंच थांबली. सासरा आणि सून, समोरासमोर, उघड्या तोंडानं. "लाज-शरम इकी खादी का?" तिनं मला विचारलं, सुनेला नाही. दीपमालाच बोलली, माझ्यासाठी इतकी वाक्यं तिनं कधी खर्ची घातली नव्हती: दोघांचा ताप, दोघांचा घाम, एकच वास, एकच दूध. शोभाबाई ऐकत राहिली. मग तिनं सुनेच्या कपाळाला हात लावला, पीठ लागलं कपाळाला. माझ्या कपाळाला लावला. या बाईनं आयुष्यात दुधाचा थेंब वाया घालवलेला नाही, सांडलं तर बोटानं टिपून लेकराच्या ओठाला लावलं. तिनं पेला घेतला आणि मोरीत ओतला. पांढरा ओघळ कडेकडेनं जाईपर्यंत ती पाहत उभी होती, आणि मी तिच्या खांद्याला हात लावायचं धाडस केलं नाही. "रिक्षा बलावा," ती म्हणाली. "आणि तिले पुढे नको, मांगे बसाडा. धक्का लागस."

दवाखान्यात दीपमालाला बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड नेलं, मी पडद्याबाहेर उभा राहिलो. त्यांनी कसलं तरी यंत्र लावलं. आधी नुसती खरखर, कडब्यातून चालल्यासारखी. खरखर लांबत गेली. मी डोळे मिटले आणि बोटं आपोआप हलायला लागली, शोधत, खूर कुठला, नाक कुठलं. मग आला तो आवाज, घाईघाईचा, शाळेला उशीर झालेल्या पोराच्या चपलांसारखा. "आज तरी ठीक आहे," बाई म्हणाल्या. रक्त घेतलं, गरोदर बाईला चालतील अशा वेगळ्या गोळ्या आजपासूनच सुरू केल्या, आणि दर आठवड्याला यायचं बजावलं. आज तरी, हे दोन शब्द मी कानात धरून ठेवले. माझ्या डॉक्टरनं मामलेदारणीला वेगळं बांधा, कुणाला विकू नका म्हणून सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरला तो स्वतः फोन करणार होता. मग माझ्या इंजेक्शनसाठी मी आणि दीपमाला बाहेर बाकावर बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. त्या जागेत आता बकरी नव्हती, तरी आम्ही दोघंही अधूनमधून तिकडे पाहत होतो.

बाकावर खांडबाऱ्याची एक बाई होती, मांडीवर टिफिन. "कोन बीमार शे माय?" तिनं दीपमालाला विचारलं. मी तोंड उघडलं; मलेरिया ओठावर आलेलाच होता. "आम्ही दोन्ही," दीपमाला म्हणाली. "बकरीनी बीमारी शे." बाईनं टिफिन घट्ट धरला. "बकरीनी? माणूसले?" "हा ना. मन्ह्या पोटमा लेकरू शे म्हनीसन मी सांगस, तुमी दूध उकाळीसनच पिज्यात. आणि हाई मन्हा सासरा," तिनं माझ्याकडे बोट केलं, सरळ, पदर खांद्यावर, अख्खा बाक वळून पाहत होता, "याहीले तं गोटीमा झाई. इतली सुजी गयी ना माय, इतली," आणि तिनं दोन्ही हात हवेत धरले, "नारळना मायक!" पोट धरून एक म्हातारा हसायला लागला, खांडबाऱ्याच्या बाईनं पदर तोंडात कोंबला. दीपमालाचे हात तसेच हवेत, भुवया वर, आणि मधेच तिचा एक हात खाली येऊन पोटावर टेकला, पुन्हा वर गेला. माझे कान तापले, पण हे जरा जास्तच होत होतं.

"नारळ नही," मी म्हणालो. "पेरू."

"आबा," दीपमाला म्हणाली, "मधमा बोलू नका. आते गप्प मन्ही शे."